घर पाडू नका, उतरवा: जुन्या सामानातून नवं बांधू पाहणाऱ्यांसाठी

जुनं घर रिकामं झालं की कुणीतरी लगेच जेसीबीवाल्याचा नंबर देतं. "दोन दिवसांत मैदान करून देतो," असं तो सांगतो आणि खरंच करून देतो. तिसऱ्या दिवशी समोर एकच ढीग असतो. विटा, सागाच्या तुळया, कौलं, माती, वायरी, फुटके पाइप, सगळं एकमेकांत मिसळलेलं. याला राडारोडा म्हणतात, आणि तो उचलून न्यायचे पैसेही आपणच भरतो. आठवड्यापूर्वी यातलं बरंचसं सामान चांगलं होतं.

माझ्या आजोळचं घर असंच गेलं. सातारा जिल्ह्यातलं, दगडी जोत्याचं, वर माडी असलेलं. माजघराचा एक खांब त्या ढिगात मधोमध मोडून पडला होता. मोडलेल्या जागी लाकूड मधाच्या रंगाचं होतं, कीड कुठेच नव्हती. तो खांब आणखी दोन पिढ्या उभा राहिला असता. पुढे मी अशा कामांत पडलो, आणि जे शिकलो ते नवख्या माणसाला कामाला सुरुवात करण्याआधी मिळावं म्हणून इथे लिहितोय.

कोकणात कौलं "उतरवतात", पाडत नाहीत. अख्ख्या घरालाच हे क्रियापद लावायला हवं. घर ज्या क्रमाने चढलं त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने ते खाली आणायचं. वीट भाजताना जळलेला कोळसा, चुनखडी भाजून सिमेंट करताना खुद्द दगडातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड, साग वाढायला लागलेली वर्षं, ही सगळी किंमत एकदा चुकती झालेली आहे. ढिगात घातलं की ती वाया गेली आणि नव्या सामानासाठी पुन्हा भरावी लागली.

हे मुख्यतः वाडे, कौलारू घरं आणि विटा-दगडाची बैठी किंवा एकमजली घरं यांना लागू पडतं. आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतीत सुटून येणारं सामान कमी असतं, त्याबद्दल पुढे सोसायटीच्या भागात लिहिलं आहे.

आधी वही, मग हातोडी

काम दिवाळीनंतर काढा आणि पावसाच्या आधी सगळं छपराखाली येईल असं बघा. भिजलेलं जुनं लाकूड आणि चिखलात रुतलेली कौलं निम्म्या मोलाची होतात.

पहिला आठवडा फक्त मोजण्याचा. टेप, खडू, एक जाड वही आणि फोनचा कॅमेरा एवढं पुरतं. प्रत्येक चौकटीला, तुळईला, खांबाला, खिडकीला खडूने क्रमांक घाला. वहीत तोच क्रमांक, माप, अवस्था आणि फोटो. खडू पुसला जातो म्हणून शेवटी पत्र्याची छोटी पट्टी खिळ्याने ठोकून तिच्यावर आकडा कोरून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

लाकूड घनफुटात मोजतात. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. ६ इंच रुंद, ५ इंच जाड, १२ फूट लांब तुळई म्हणजे अडीच घनफूट. वखारीत सागाचा आजचा घनफुटाचा भाव विचारून या आणि घरातल्या एकूण घनफुटांशी गुणून बघा. जेसीबीचा विचार बहुतेक लोक याच टप्प्यावर सोडून देतात.

विटांचा अंदाज मात्र बघून लागत नाही. आतल्या एखाद्या बिनभाराच्या भिंतीतला तीन फूट बाय तीन फूट तुकडा हाताने काढून पाहा. किती विटा अख्ख्या आल्या, किती फुटल्या, दोन माणसांना किती वेळ लागला, हे लिहून ठेवा. अख्ख्या भिंतीचं गणित त्या नऊ चौरस फुटांत कळतं. घराचा वरचा भार कुठल्या भिंतीवर आहे हे मात्र गवंड्याला किंवा अभियंत्याला विचारल्याशिवाय कुठेही हात घालू नका.

याच आठवड्यात कागदही उरका. पालिका किंवा ग्रामपंचायतीची पाडकामाची परवानगी, वीज मीटर काढून घेणं, शेजाऱ्याशी सामाईक भिंत असेल तर त्याची लेखी संमती. घर वारसा यादीत असेल तर वारसा समितीची मंजुरी आधी. साग रस्त्याने दुसऱ्या गावी न्यायचा असेल तर वनविभागाच्या स्थानिक कार्यालयात वाहतूक परवान्याबद्दल विचारून घ्या. वहीतले फोटो तिथेही उपयोगी पडतात, लाकूड आपल्याच घराचं आहे हे त्यातून दिसतं.

सांधा कशाचा आहे?

विटा वाचणार की नाही हे विटेपेक्षा मधल्या सांध्यावर ठरतं. खिशात एक मोठा खिळा ठेवा आणि दर भिंतीच्या सांध्यात रुतवून बघा.

मातीचा सांधा असेल तर खिळा बोटाच्या दाबाने आत जातो. अशा भिंतीतल्या विटा आणि दगड जवळजवळ आहेत तसे हातात येतात. चुन्याचा सांधा खरवडला की भुरभुरतो. चुना विटेपेक्षा मऊ असतो, म्हणून वीट सुटताना तुटतो तो सांधा. करणीच्या धारेने उरलेला चुना निघतो. सिमेंटचा सांधा असेल तर खिळा नुसताच घसरतो. तिथे उलटं होतं, सांधा विटेपेक्षा कडक असल्याने ठोकलं की आधी वीट फुटते. अशी भिंत हाताने सोडवण्यात मजुरी वाया घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा उपयोग जोत्यातल्या भरावाला.

जुन्या घरात तिन्ही प्रकार एकत्र सापडतात. मूळ भिंत चुन्यातली, वडिलांनी घातलेली न्हाणीघराची भिंत सिमेंटची, मागचं गोठ्याचं कूड मातीचं. म्हणून एका जागी बघून निर्णय घेऊ नका.

नवं घर बांधताना हे लक्षात राहिलं तर फार बरं. आज घट्ट सिमेंटमध्ये बसवलेली वीट आपल्या नातवंडांना परत मिळणार नाही. बिनभाराच्या भिंतींसाठी अभियंत्याशी बोलून चुना मिसळलेला सौम्य मसाला घेता येतो.

उतरवण्याचा क्रम

नळ, वायरी, पंखे, स्वच्छतागृहाची भांडी पहिल्या दिवशी. मग दारं-खिडक्यांच्या झडपा, कड्या, कोयंडे, बिजागऱ्या. पितळी कोयंडे पिशवीत घालून पिशवीवर दाराचा क्रमांक लिहा, नाहीतर जोड्या कधीच जुळत नाहीत. नंतर कौलं, रिपा, वासे, आढं. त्यानंतर माडीची तक्तपोशी आणि तुळया. भिंती वरून खाली, थराथराने. चौकटी भिंत त्यांच्यापर्यंत उतरल्यावरच सोडवा. भिंतीतून खेचून काढलेल्या चौकटीचे कोपरे सैल होतात.

तुळई काढण्याआधी खालून टेकू हवाच. कुणीही भिंतीवर उभं राहून तीच भिंत ठोकणार नाही, डोक्यावर हेल्मेट आणि तोंडावर मास्क असेल, हे पहिल्याच दिवशी मुकादमाशी ठरवून घ्या. वाचलेली कौलं माणसाच्या हाडांपेक्षा मोलाची नाहीत.

मजुरीबद्दल एक गोष्ट. विटा आणि कौलं यांचे पैसे रोजाने देऊ नका. अख्ख्या, साफ केलेल्या, थप्पी लावलेल्या नगांवर हजारी दराने द्या. तसं ठरलं की माणसं आपोआप जपून काढतात. लाकडाचं उलट. ते रोजावर द्या, कारण तिथे घाई झाली की पहार लागते, आणि पहारेने फाटलेला साग परत जोडता येत नाही.

लाकूड

सगळ्यात जास्त मोल यात असतं आणि सगळ्यात जास्त फसगतही यातच.

जुन्या तुळईचं मधलं अंग बहुधा उत्तम असतं. कुजतात ती टोकं, जी भिंतीत गाडलेली असतात आणि वर्षानुवर्षं ओल पितात. पटाशी किंवा स्क्रू-ड्रायव्हर टोकात दाबून बघा. रुतला तर घट्ट लाकूड लागेपर्यंत टोक कापून टाका. बारा फुटी तुळई दहा फुटी झाली तरी ती दहा फूट उत्तम तुळई आहे. मग हातोडीने सगळ्या अंगावर टकटक करा. भरीव आवाज हवा, पोकळ आला तर आत वाळवी फिरून गेली असं समजा. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळत असेल तर कीड अजून जिवंत आहे, ते लाकूड बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा. सागाचा कडेचा फिकट भाग किड्याला आवडतो, आतला गडद गाभा तो सहसा सोडून देतो. त्यामुळे कडा रंधून काढल्यावर आत चोख गाभा निघतो असं पुष्कळदा होतं.

खिळे! गिरणीत चिरायला नेण्याआधी प्रत्येक खिळा निघालाच पाहिजे. आत तुटून राहिलेला एक खिळा पातं मोडतो, आणि गिरणीवाला त्यानंतर जुनं लाकूड घेत नाही. लोहचुंबक किंवा हातात धरायचा धातुशोधक अंगभर फिरवा. चांगल्या जुन्या कामात खिळ्यांच्या जागी लाकडी खुंट्या असतात. खुंटी उलट्या बाजूने हलके ठोकून काढा, जोड अलगद सुटतो आणि नव्या घरात तसाच पुन्हा बसतो.

दारांवर पाच-सहा हात रंग असतो. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. असा रंग कोरडा घासू नका, ज्योतीने जाळू नका. त्याची धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतात. रंग काढायचं द्रव लावून, ओला असतानाच खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, मुलांना आणि गरोदर बाईला तिथून लांब ठेवा. लाकूड मोकळं झालं की जवसाचं तेल पुरेसं आहे. चकचकीत पॉलिश न करता सोडलेला जुना साग मला जास्त आवडतो.

तुळई पुन्हा तुळई म्हणून वापरायची असेल, म्हणजे तिच्यावर भार येणार असेल, तर अभियंत्याला दाखवा. तो खाचा, भेगा आणि गाठी कुठे आहेत ते बघेल. भाराला ती उतरली नाही तर तिच्यातून चौकट, पायऱ्या, ओट्याखालची कपाटं निघतात.

विटा, कौलं, दगड

दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत नाद यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. मग पाण्याची परीक्षा करा. पाच विटा उन्हात पुरत्या वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून पुन्हा वजन करा. साध्या भाजलेल्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असं भारतीय मानक सांगतं. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर ती बाहेरच्या भिंतीला नको. लोणा बघायला वीट इंचभर पाण्याच्या ताटलीत उभी करा आणि पाणी सुकू द्या. पांढरी साय दिसली तर क्षार आहेत, गिलावा पुढे पोपडे धरून गळेल. न्हाणीघर, गोठा आणि समुद्रकाठच्या घरांच्या जोत्याजवळच्या विटांत हे हमखास सापडतं.

भार पेलणाऱ्या भिंतीसाठी जुन्या विटा वापरायच्या तर प्रयोगशाळेत दाबाची चाचणी करून घ्या. अंगणातली फरसबंदी, कुंपणाची भिंत, आतली आडभिंत, बाकं, यांना घरगुती परीक्षा पुरते.

मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६० च्या दशकात मंगळुरूत काढला, आणि नंतर अनेकांनी तशी कौलं केली. कौल उलटं केलं की कारखान्याचा शिक्का दिसतो. तो नीट बघा, कारण दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत घट्ट बसतीलच असं नाही, आणि न बसलेल्या जागी पहिल्याच पावसात गळतं. शिक्क्यानुसार वेगळ्या थप्प्या लावा. बोटाने टिचकी मारा, भेग असलेलं कौल बद्द वाजतं. मागचा उंचवटा, ज्याने कौल रिपेला धरून राहतं, तो शाबूत हवा. शेवाळं पाणी आणि ब्रशने निघतं, आम्ल लावू नका. थप्पी कौलं उभी करून लावा, आडवी रचली की तळातली दबून फुटतात.

तडकलेली कौलंही टाकायची नाहीत. स्लॅबमध्ये खालच्या बाजूचं काँक्रीट ताण फारसा घेत नाही, तो सळई घेते. मग सळयांच्या मधल्या जागेत कौलं घालून काँक्रीट वाचवता येतं. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ही पद्धत घरोघरी नेली. सळयांची रचना मात्र अभियंत्यानेच काढून द्यायला हवी.

दगडाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे चूक जिवावर बेतते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी घरं कोसळली त्यांतली कित्येक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती, वर मातीचं जड माळवद, म्हणजे सपाट छप्पर. भिंत बाहेरून अडीच-तीन फूट जाड दिसे, पण आत दोन वेगळ्या पडद्या, म्हणजे पातळ भिंती, आणि मध्ये बारीक भर. दोन्हींना बांधणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्यासरशी पडद्या फाकल्या. म्हणून जुना दगड जरूर वापरा, जुनी रचना जशीच्या तशी वापरू नका. ठराविक अंतरावर भिंतीच्या जाडीइतके लांब आरपार दगड, जोत्याच्या, दारावरच्या आणि छताच्या पातळीवर सलग काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यात एकमेकांत गुंतलेले दगड. भारतीय मानक १३८२८ यासाठीच आहे, तुमच्या अभियंत्याला ते माहीत आहे ना हे विचारा. कोकण-गोव्यात जांभ्याचा चिरा पुन्हा तासून वापरतात, त्यात कडा झडलेले चिरे गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या बांधाला जातात. शहाबादी फरशी कडांनी जपून उचलली तर सहज दुसरं आयुष्य जगते.

जे वापरायचं नाही

वाकलेली, गंजलेली सळई सरळ करून पुन्हा काँक्रीटमध्ये घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. ती भंगारात द्या, वितळून तिची नवी सळई होते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना असलं भंगार लागतंच. जुन्या वायरी आणि बटणंही नकोत. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, त्याचे बारीक तंतू फुप्फुसाला घातक. ते कापू, फोडू, भोकं पाडू नका. पाणी शिंपडून अख्खे उतरवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि घातक कचऱ्याची व्यवस्था कुठे आहे ते पालिकेला विचारा.

उरलेला राडारोडा

विटांचे तुकडे आणि काँक्रीट वेगळे ठेवले तर जोत्यात आणि वाटांखाली भर म्हणून मुरुमाचं काम करतात. त्यात माती, प्लास्टिक, लाकडाचे तुकडे नकोत, ते कुजून किंवा दबून फरशी खचते. भर ब्रासमध्ये मोजतात, १०० घनफुटांचा एक ब्रास. जितके ब्रास आत जिरले तितका मुरूम विकत आणायचा वाचला.

चुरलेल्या काँक्रीटची खडी आता चोरून वापरायची गोष्ट नाही. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने ती साध्या काँक्रीटमध्ये खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि एम २५ या दर्जापर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत चालवली आहे. पण ती राडारोड्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रातून चुरून, चाळून, तपासून आलेली हवी, अंगणात घणाने फोडलेली नाही.

२०१६ च्या केंद्रीय नियमांनी मोठ्या कामांना राडारोडा चार ढिगांत वेगळा करायला लावला: काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक, आणि विटा-मसाला. त्यांची जागा २०२५ च्या नियमांनी घेतली, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांच्या बिल्डरवर कचऱ्याची जबाबदारी त्यांत टाकलेली आहे. आपलं घर त्या मापाचं नसलं तरी चार ढिगांची सवय लावून घ्या. नाल्यात किंवा नदीकाठी डंपर रिकामा होऊ देऊ नका, कंत्राटदाराकडून केंद्राची पावती मागा.

सोसायटीचा पुनर्विकास असेल तर

करारात सहसा एका ओळीत लिहिलेलं असतं की पाडकामातून निघणारं सगळं सामान बिल्डरचं. ही ओळ सही करण्याआधी शोधा. सभासद घर सोडताना दारं, चौकटी, जाळ्या, कडप्प्याचे ओटे, टाक्या काढून नेऊ शकतील, त्यासाठी किती दिवस मिळतील, आणि उरलेला राडारोडा कुठल्या केंद्रात जाईल हे करारात लिहून घ्या. सर्वसाधारण सभेत हा मुद्दा मांडायला पाच मिनिटं लागतात, नंतर तो मांडता येत नाही.

स्वतःचं जुनं घर नसेल तर

मुंबईत ओशिवरा, पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आणि जुना बाजार इथे जुनं लाकूड, दारं, खांब मिळतात. दिवसाउजेडी जा, सुताराला बरोबर घ्या, रंग लावलेलं लाकूड एका कोपऱ्यात खरवडून दाखवायला सांगा, पावती घ्या. परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना एक सूचना: शंभर वर्षांहून जुनं कोरीव काम १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याखाली येतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांच्या देव्हाऱ्याची चौकटही त्यात येऊ शकते.

नकाशा सामानानंतर

नवखी माणसं इथेच सगळ्यात जास्त चुकतात. आधी नकाशा मंजूर होतो, मग जुनी दारं त्यात बसत नाहीत आणि सुतार ती कापायला घेतो. उलट करा. वही घेऊन वास्तुविशारदाकडे जा आणि सांगा: माझ्याकडे साडेसहा फूट उंचीच्या चार चौकटी आहेत, गजांच्या नऊ खिडक्या आहेत, दहा फुटांच्या सहा तुळया आहेत. दहा फुटांची तुळई आहे म्हणजे खोलीची रुंदी तिच्याहून थोडी कमी ठरली. जुन्या चौकटी बुटक्या असतात, तर देवघर, कोठीची खोली, माडीचा जिना इथे त्या शोभतात. ज्या वास्तुविशारदाला ही वही बघून आनंद होत नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नका.

सामान साठवायला जागा लागते हे आधीच धरा. लाकूड जमिनीपासून फूटभर वर, थरांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असं ठेवा आणि वर ताडपत्री टाका, पण बाजू मोकळ्या सोडा.

नवं छप्पर शाकारून झाल्यावर उरलेली कौलं देऊन टाकू नका. त्या शिक्क्याचे कित्येक कारखाने केव्हाच बंद पडलेत. शंभरेक कौलं जिन्याखाली उभी करून ठेवा आणि वहीत लिहा, कुठल्या शिक्क्याची किती.